मदत हवी आहे: पाण्यातला मेटल डिटेक्टर समुद्रावर नुसता किंचाळतोय

मिऱ्याकर
नमस्कार. आत्याच्या मुलाने अमेरिकेहून पाण्यात चालणारा मेटल डिटेक्टर आणून दिलाय. घराच्या अंगणात मस्त चालतो, नाणं टाकलं की लगेच आवाज. समुद्रावर नेला की जिथे ठेवावा तिथे ओरडतो. काही नसलं तरी ओरडतो. बॅटऱ्या नव्या घातल्या. सेटिंग काय करायचं ते कोणी पटकन सांगेल का? घाई आहे, उगाच फाटे फोडू नका.

सुरमई
कोणता डिटेक्टर? कुठला समुद्र? कोरड्या वाळूत ओरडतो, ओल्या वाळूत की पाण्यात? यातलं काहीच न सांगता सेटिंग कसं सांगणार?

टॅम्पाकर
फ्लोरिडात माझा हाच शनिवार-रविवारचा उद्योग आहे. तुमचं मशीन सिंगल फ्रिक्वेन्सी असणार, पैजेवर सांगतो. खाऱ्या पाण्यात ते चालतच नाही. ते विका आणि मल्टिफ्रिक्वेन्सी घ्या. मी मिनलॅब इक्विनॉक्स वापरतो. बीच मोडला टाकायचं आणि चालायला लागायचं.

मिऱ्याकर
@सुरमई, रत्नागिरी, मांडवी. डिटेक्टरच्या दांड्यावर १५ किलोहर्ट्झ असं लिहिलंय, १० फूट पाण्यापर्यंत चालतो म्हणे. विकायला वेळ नाही हो, या महिन्यातच काम आहे.

खारंपाणी
मांडवी!! अहो, हे आधी सांगायचं ना. तिथली वाळू काळी, त्याला आम्ही काळा समुद्र उगाच म्हणतो का? पलीकडे तुमच्या मिऱ्यालाच पांढरा समुद्र आहे, तिथे नेऊन बघा, निम्मा आवाज कमी होईल.

मिऱ्याकर
पांढऱ्या समुद्रावर जाऊन काय करू, वस्तू काळ्या समुद्रात आहे.

सुरमई
म्हणजे काहीतरी हरवलंय. हेही आता कळतंय. काय हरवलंय, कधी, किती पाण्यात?

वायरमन_ई
इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे म्हणून थोडं लांबण लावतो, माफी असावी.

डिटेक्टर कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र सोडतो. धातूत त्यामुळे प्रवाह फिरतात आणि परत येणारा सिग्नल किती उशिरा येतो त्यावरून मशीन लोखंड, फॉइल, सोनं, तांबं असं ओळखतं. खारं पाणी स्वतःच वीजवाहक आहे. मशीनला ते पसरलेल्या पातळ फॉइलसारखं दिसतं. आता मांडवीची वाळू. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट आहे, सोबत मॅग्नेटाइटही. ते चुंबकीय खनिज, त्याचा सिग्नल बरोबर उलट्या टोकाला जातो. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल दाबायचं सेटिंग, मिठावर लावला की काळी वाळू ओरडते, वाळूवर लावला की मीठ ओरडतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन्ही एकदम दाबता येत नाहीत. मल्टिफ्रिक्वेन्सी मशीन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवरचे सिग्नल ताडून मीठ वजा करतं. टॅम्पाकरांचं तेवढं बरोबर आहे.

मुख्य अडचण पुढे आहे. मिठाचा सिग्नल आणि बारीक सोन्याचा सिग्नल शेजारी-शेजारी असतात. आवाज येतो म्हणून तो फॉइलचा पट्टा डिस्क्रिमिनेशनने (नको त्या धातूंचे सिग्नल गाळायच्या सेटिंगने) कापून टाकलात की मशीन गप्प बसतं आणि बारीक सोनंही गेलं. म्हणून काय हरवलंय ते सांगा.

प्रा. गोंधळे
वाखूसा (वाचनखूण साठवली). उत्तम माहिती. अवांतर: ही काळी वाळू घरी आणून चुंबक फिरवला तर मुलांना प्रयोग म्हणून छान दिसतो. चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावा, नाहीतर कण कायमचे चिकटून बसतात.

मिऱ्याकर
मेव्हण्याची साखरपुड्याची अंगठी. २२ कॅरेट. गौरी-गणपती विसर्जनाला गेली. मूर्ती घेऊन कमरेएवढ्या पाण्यात होता, बाहेर आला तर बोटात नाही. तुळशीच्या लग्नानंतर त्याचं लग्न आहे, मुलीकडच्यांना अजून सांगितलेलं नाही. म्हणून घाई. आता सांगा सेटिंग.

तिरशिंगराव
प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती समुद्रात बुडवायच्या आणि मग त्याच पाण्यात सोनं शोधायचं. छान.

मिऱ्याकर
आमची शाडूची होती. धन्यवाद.

भैरीभक्त
दादा, आधी आपल्या ग्रामदैवताला, भैरीबुवाला गाऱ्हाणं घाला. आमच्या काकूची पाटली खाडीत गेली होती, तीन महिन्यांनी कालवं काढणाऱ्या बाईला मिळाली आणि तिने घरी आणून दिली. मशीन काय कामाचं.

सुरमई
गाऱ्हाणं घालाच, पण त्या गोष्टीतला उपयोगाचा भाग वेगळा आहे. ओहोटीला मुळे-तिसऱ्या, म्हणजे शिंपले काढायला बसणाऱ्या बायकांना सांगून ठेवा. मशीनपेक्षा त्यांचे हात वाळूत जास्त वेळ असतात.

डुबकी
मल्टिफ्रिक्वेन्सी वगैरे सगळं सोडा. पल्स इंडक्शन घ्या, पीआय, म्हणजे सलग लहरीऐवजी झटके सोडून ऐकणारं मशीन. गॅरेट सी हंटर मार्क टू घ्या, ६५ मीटरपर्यंत पाण्याखाली चालतो. पीआय मिठाकडे बघतही नाही आणि काळ्या वाळूचंही त्याला फारसं वाटत नाही. खोलीही जास्त. मी गोव्यात वापरलाय.

टॅम्पाकर
@डुबकी, पीआय लोखंड वेगळं ओळखत नाही. मांडवी ही विसर्जनाची जागा आहे. पाटाचे खिळे, मखराची तार, पेटीचे बिजागर आणि भक्तिभावाने टाकलेली नाणी. पीआय घेऊन दिवसभर खिळेच गोळा करत बसतील.

डुबकी
मग खणायचे खिळे. जे सगळं खणतात त्यांना सोनं मिळतं. स्क्रीनवरचा आकडा बघून ठरवणाऱ्यांच्या हाती बाटल्यांची झाकणं लागतात. आणि टॅम्पाकर, तुमच्याकडची वाळू साखरेसारखी पांढरी, तिथले अनुभव काळ्या समुद्राला लावू नका.

टॅम्पाकर
पांढरी वाळू आखाताच्या बाजूला. पूर्व किनाऱ्यावरही मी जातो, व्हेरो बीचच्या बाजूला. १७१५ च्या जुलैत वादळात ११ स्पॅनिश जहाजं बुडाली, त्यातली नाणी अजून वादळानंतर वाळूवर येतात.

प्रा. गोंधळे
अरे वा! मग आपल्याकडे आंग्र्यांच्या आरमाराचं काही सापडत असेल का? विजयदुर्गाच्या आसपास कोणी शोधलंय?

कलमनवीस
विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही केंद्र-संरक्षित स्मारकं आहेत. तिथे डिटेक्टर घेऊन खणायला जाऊ नका, हे आत्ताच सांगून ठेवतो. शिवाय १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मिऱ्याकर
म्हणजे मेव्हण्याच्या अंगठीसाठी कलेक्टर ऑफिसला जाऊ?

कलमनवीस
नाही हो. स्वतःची हरवलेली वस्तू स्वतः शोधताय, त्याला खजिना म्हणत नाहीत. पण दुसऱ्याची साखळी सापडली तर पोलीस ठाण्यात द्या. विसर्जनाला तुमच्या मेव्हण्याचीच एकट्याची अंगठी पडली असेल असं नाही.

खारंपाणी
सगळे मशीनवर भांडताय, भरतीचा हिशोब कोणीच करत नाहीये. आमच्याकडे जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. गौरी-गणपतीचं विसर्जन म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास. आठ पाऊणे सहा. मिऱ्याकर, विसर्जन संध्याकाळी सहाच्या सुमारास झालं ना?

मिऱ्याकर
हो, सहा-सव्वासहा.

खारंपाणी
मग मेव्हणा पूर्ण भरतीला कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, आणि तीही भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, उधाणाची नाही. म्हणजे ती जागा फार आत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जेवढं चढतं तेवढंच ओहोटीला मागे जातं. सर्वपित्रीनंतर घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे द्वितीयेला, दीड वाजता भरती आणि सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी. तेव्हा ती जागा बहुतेक उघडीच पडेल. पाण्यात शिरायचीच गरज नाही. ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे धरा आणि भरती-ओहोटीचं कोष्टक बघून खात्री करा.

वायरमन_ई
+१. हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. आणि मिऱ्याकर, विसर्जनाचा व्हिडिओ कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असणारच. त्यात मेव्हण्याच्या मागे जेट्टी, दिव्याचा खांब, इमारत काय दिसतंय ते बघा. दोन खुणा एका रेषेत आल्या की जागा चार-पाच पावलांत पकडता येते.

सुरमई
पण वाळू त्याच जागी राहते का? पावसाळ्यात किनारा खचतो, ऑक्टोबरपासून पुन्हा भरायला लागतो. अंगठी पावसाळी पातळीवर पडलीय आणि आता तिच्यावर थर चढतोय. जितका उशीर तितकी खोल. डुबकीभाऊ नवीन मशीन घ्यायला सांगताहेत, ते येईपर्यंत फूटभर वाळू चढलेली असेल.

डुबकी
म्हणूनच पीआय. खोल जातो.

सुरमई
😐

मिऱ्याकर
व्हिडिओ मिळाला, जेट्टीचं टोक दिसतंय. आज संध्याकाळी ओल्या वाळूत पुन्हा फिरवला. आवाज जरा कमी झाला पण थांबत नाही. खिशात मोबाईल होता, त्याने फरक पडतो का?

वायरमन_ई
पडतो. मोबाईल घरी ठेवा किंवा सोबत्याकडे लांब द्या. आता क्रमाने करा. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा. खोली कमी होईल, होऊ द्या. ग्राउंड बॅलन्स अंगणात नाही, जिथे शोधायचंय त्याच ओल्या वाळूवर करा, कॉइल वर-खाली हलवत. कॉइल वाळूपासून इंचभर वर, सगळीकडे सारख्याच उंचीवर. लाट येते-जाते त्या पट्ट्यात अजिबात फिरवू नका. तिथे कॉइल क्षणात पाण्यात, क्षणात हवेत, बॅलन्स टिकत नाही. सुतळीने पट्टे आखा आणि पाण्याला समांतर चालत जा. खऱ्या वस्तूचा आवाज दोन्ही बाजूंनी फिरवला तरी एकाच जागी येतो, मिठाचा आवाज जागा बदलतो.

जाण्याआधी चाचणी करा. घरातली तशीच एखादी अंगठी मासेमारीच्या तंगूसला घट्ट बांधून त्याच वाळूत वीतभर पुरा आणि कसा आवाज येतो ते कानात बसवा. तंगूस सोडू नका.

तिरशिंगराव
आणि ती सासूबाईंची घेऊ नका.

टॅम्पाकर
ब्लूटूथ हेडफोन लावून पाण्यात वाकू नका, सिग्नल पाण्यातून जात नाही. खणायला भोकांचा स्टीलचा स्कूप लागेल. आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच बॅटरीचं झाकण उघडायचं. झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस...

मिऱ्याकर
स्कूप नाही, भात गाळायची स्टीलची चाळण आहे, चालेल?

टॅम्पाकर
दांडा बांधला तर पळेल.

मिऱ्याकर
चाचणी केली. बायकोची अंगठी पुरली. वायरमन साहेबांनी सांगितलेलं सगळं केल्यावर मशीन बऱ्यापैकी शांत आहे आणि अंगठीवर स्पष्ट टणटणीत आवाज येतो, वीतभर खालीसुद्धा. फॉइलचा पट्टा मी बंद करून टाकलाय, त्यामुळे तर एकदम मस्त झालं. आता द्वितीयेला पहाटेच जातो. सगळ्यांचे आभार.

सुरमई
थांबा. बायकोची अंगठी आणि मेव्हण्याची एकाच घडणीची आहेत का? मेव्हण्याची बंद की खुली?

मिऱ्याकर
खुली म्हणजे?

सुरमई
मागून जोडलेली की फट ठेवलेली?

मिऱ्याकर
विचारलं. मापाला घट्ट होत होती म्हणून सोनाराने मागून कापून सैल केली होती. लग्नाआधी डाग देऊन घेऊ असं ठरलं होतं. म्हणूनच बोटातून गेली असणार. काय फरक पडतो, सोनं ते सोनंच ना?

वायरमन_ई
सगळा फरक तिथेच पडतो. बंद अंगठीत प्रवाह पूर्ण गोल फिरतो, म्हणून तुमच्या बायकोच्या अंगठीवर टणटणीत आवाज आला. कापलेल्या अंगठीत गोल पूर्णच होत नाही, प्रवाह पट्टीच्या जाडीतच घुटमळतो. सिग्नल बारीक होतो आणि सरकून फॉइलच्या पट्ट्यात जातो. तोच पट्टा तुम्ही बंद केलाय. असेच गेलात तर अंगठीवर उभे राहाल आणि मशीन गप्प बसेल.

फॉइलचा पट्टा उघडा, फक्त लोखंड बंद ठेवा. मिठाची कुरकुर होईल, ती ऐकत चाला. आणि चाचणी पुन्हा करा, या वेळी सोन्याच्या तारेचा कापलेला तुकडा किंवा फटीची बाळी घेऊन. आवाज वीतभर खाली ऐकू येत नसेल तर किती खोलीवर ऐकू येतो ते आधी मोजा, म्हणजे वरची वाळू किती उपसायची ते कळेल.

डुबकी
पीआयलासुद्धा कापलेली अंगठी अवघड जाते, हे मान्य. तरीही.

मिऱ्याकर
फटीची बाळी बायको देत नाहीये. बघतो, आईकडे असेल.