वाकळीसाठी नवी नक्षी सुचत नाही. तुम्हाला कुठून सुचतं?

वाकळवाली (जयसिंगपूर)

नमस्कार मंडळी. चौदा वर्षं ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश शिवले. गेली पाच वर्षं फक्त वाकळी. तुमच्याकडे गोधडी म्हणत असतील, आमच्याकडे वाकळच. लोक आईची, आजीची लुगडी गाठोड्यात बांधून आणतात. मी जमिनीवर थर अंथरते, कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, जे हाताला लागेल ते ठेवते आणि धावदोरा घालत बसते. एका वाकळीला पाच-सहा साड्या जातात, तीन आठवडे जातात आणि गुडघे जातात.

आता अडचण. नक्षी मी मोबाइलवर बघून करायचे. चारशे फोटो जमवून ठेवलेत. मागच्या महिन्यात सांगलीच्या एक बाई वाकळ न्यायला आल्या. उलगडून बघितली आणि म्हणाल्या, "छान झालीय हो. अगदी अशीच चादर आम्ही मॉलमधून आणली, मशीनची." पैसे दिले, नेली. वाईट काहीच बोलल्या नाहीत. पण ती लुगडी त्यांच्या सासूबाईंची होती. त्यातली एक हिरवी इरकल इतकी जपलेली की घडीवर सुद्धा विरली नव्हती. मी तिचे षटकोन कापून परदेशातल्या कुणाच्या तरी नक्षीत बसवले होते. रात्री झोप लागली नाही मला.

सगळे म्हणतात, निसर्गात जा, सुचेल. अहो, मी निसर्गातच राहते. परसाच्या मागे ऊस आहे. ऊस बघून मला उसाचं बिल आठवतं. तरी सप्टेंबरात भाचीबरोबर कासला जाऊन आले. दोनशे फोटो काढले. घरी येऊन जांभळं फूल, पिवळं फूल अशी ठिगळं लावून बघितली. बाळाच्या दुपट्यासारखं दिसायला लागलं. उसवलं.

तर विचारणं एवढंच, आणि जे हातानं काही घडवतात त्यांनाच. डोळ्यांनी बघितलेलं हातात उतरतं कसं? मला उतरवता येत नाही.

चटकन_पूजा (पुणे)

ताई, एआयला सांगा ना! "पारंपरिक गोधडी, सह्याद्रीची फुलं" एवढं लिहिलं की मिनिटभरात पन्नास डिझाइन्स.

वाकळवाली

पूजा, भाचीनं तेही करून दिलं. पन्नासच्या पन्नास देखण्या. पण पहिला टाका कुठून घालायचा ते एकीतही कळेना.

तारा_जुळवणारा (मिरज)

वहिनी, शेजारच्या गावचा म्हणून बोलतो. आमच्या घरात तंबोरे आणि सतारी होतात, मी चौथ्या पिढीतला. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालतं. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकनानं काही सुचत नाही, म्हणून भोपळ्याचं सांगतो.

भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. कडू जातीचे, वाळवलेले. "मला पुरुषी आवाजाचा तंबोरा हवा" असं गिऱ्हाईक म्हणतं, पण तसा भोपळा वेलाला लागावा लागतो. मी तरुण असताना आधी कागदावर वाद्य काढायचो आणि मग त्याला बसेल असा भोपळा शोधत अख्खा माळा उलथापालथा करायचो. वडील खाली बसून हसायचे. त्यांची पद्धत वेगळी. भोपळा मांडीवर घ्यायचे, फिरवायचे, टिचकी मारून ऐकायचे, एका बाजूला फुगवटा जास्त असेल तर तिथं हात ठेवून बसायचे. काही भोपळे दोन-दोन वर्षं तसेच टांगून असायचे. मग एक दिवस काढून म्हणायचे, "हा याचा तंबोरा." दांडी किती रुंद, तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी झाकणी, किती उचलायची, सगळं त्या भोपळ्यावरून ठरायचं. कडेच्या वेलबुट्टीचं तर विचारूच नका. भोपळ्यावर जिथं डाग असेल तिथं ते पान आणायचे. लोक त्या पानाचं कौतुक करायचे, आम्ही गप्प.

तुमची ती हिरवी इरकल तुम्ही कापायच्या आधी किती वेळ नुसती बघितली होती? खोचक नाही विचारत. मीही एके काळी बघत नव्हतो.

एकदांडी (सातारा)

कासला गेलात आणि दोनशे फोटो काढलेत, तिथंच गाडी चुकली. मी जीवशास्त्र शिकवायचे, तीस वर्षं. पोरं फुलाचा फोटो काढून मोकळी व्हायची आणि "पाकळ्या किती?" विचारलं की मोबाइल उघडून मोजायची.

कास सुंदरच आहे, वाद नाही. पण तिथं एका नजरेत एवढं असतं की नजर कशावरच टिकत नाही. सीतेची आसवं ही जांभळी, नखाएवढी फुलं तुम्ही नक्की बघितली असतील. ती वनस्पती मांसाहारी आहे. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते. पठारावर जांभ्या खडकावरची माती बोटभरसुद्धा नाही, पोषण नाही, म्हणून हा उद्योग. आता सांगा, यातली कुठली गोष्ट फोटोत आली? फक्त रंग आला. तुमचं दुपटं का झालं ते तुम्हीच ताडा.

माझं ऐका, लांब जाऊ नका. दारात तुळस आहे ना? तिच्या शेंड्याकडे बरोब्बर वरून बघा, विहिरीत वाकून बघतो तसं. पानांची एक जोडी समोरासमोर. तिच्या खालची जोडी तिला काटकोनात. त्याखालची परत पहिलीसारखी. वरचं पान खालच्याचं ऊन अडवत नाही. वरून बघितलं की अधिकचं चिन्ह दिसतं, मोठ्यात लहान, लहानात आणखी लहान. आणि काडी बोटांत धरून फिरवा, ती गोल नाही, चौकोनी आहे. रोज पाणी घालणाऱ्या बायकांना मी हे दाखवलंय, निम्म्यांना माहीत नव्हतं. लग्नाआधी मलाही नव्हतं.

पेन्सिलीनं काढा. चांगलं येणार नाही, येऊ नये. काढताना "हे पान कुठून निघालं?" हा प्रश्न पडतो, तेवढ्यासाठी काढायचं. आणि साठ-सत्तर रुपयांचं भिंग घ्या. रस्त्याकडेची एकदांडी, लांब देठावर एकटं फूल असतं ती, भिंगाखाली धरा. ते एक फूल नाहीच, फुलांची अख्खी वस्ती आहे. बाहेरच्या चार-पाच पाकळ्या वाटतात त्यांतली प्रत्येक म्हणजे वेगळं फूल आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. मी नाव उगीच नाही घेतलं ते.

तिसरा_मजला (डोंबिवली)

कापडाच्या कंपनीत डिझाइन करतो, म्हणजे पोटासाठी काम करतो. चित्रकार प्रभाकर बरवे बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. कापडाच्या नक्षीशी त्यांचा रोजचा संबंध. पुढे त्यांच्या चित्रांत घड्याळं, पानं, किल्ल्या अशा घरातल्याच वस्तू येतात, पण भवतालची मोठी मोकळी जागा त्यांना अनोळखी करून टाकते. आम्ही कंपनीत नेमकं उलट करतो. कुठंही रिकामी जागा दिसली की साहेब म्हणतात, "इथं काहीतरी टाक." ताई, तुमच्या वाकळीत रिकामी जागा आहे का? फोटो दिसला नाही, म्हणून विचारतोय.

जुने_दगड (कुरुंदवाड)

जयसिंगपूरला राहता आणि फुलं बघायला साताऱ्याला? खिद्रापूरला जाऊन या. कृष्णाकाठचं कोपेश्वर मंदिर, बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. स्वर्गमंडपात 48 खांब आहेत आणि वर छताला मोठं गोल आभाळ सोडलंय. त्याच्या बरोबर खाली जमिनीत एक गोल शिळा. खांब नीट बघा, एकच खांब चढताना चौकोनी, अष्टकोनी, गोल होत जातो. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही, त्याची गोष्ट तिथं कुणीही सांगेल. जाताना दुपार टाळा, फरशी तापते. रविवारीही नको, सेल्फी काढणाऱ्यांत खांब दिसणार नाहीत.

वाकळवाली

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. मधे दिवाळी आणि घरात तापाची साथ. झालं ते सांगते, क्रम लागेल तसा.

बाई, तुळस बघितली. वीस वर्षं पाणी घालतेय आणि काडी चौकोनी आहे हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली. अधिकच्या चिन्हांचं एक दुपटं केलं, खणाच्या तुकड्यांचं. बरं झालंय. पुतणीच्या बाळाला दिलं. मुद्दाम केल्यासारखं दिसतं, पण वाईट नाही.

मग खिद्रापूर. बुधवारी सकाळी गेले, मी आणि देवळातला पुजारी सोडून कुणी नव्हतं. खांब मोजताना दोनदा चुकले, तिसऱ्यांदा 48 आले. वरच्या गोलातून उन्हाचा तुकडा खाली पडलेला आणि तो सरकत होता. तासाभरात हातभर तरी सरकला असेल. मी नुसती बसले. तंबोरेवाल्या भाऊजींचं ते "नुसती बघितली का" डोक्यात होतं. मान दुखेपर्यंत बघितलं, वहीत दोन खांब काढले, ते खांबांसारखे कमी आणि जोंधळ्याच्या कणसासारखे जास्त आले. नक्षी म्हणाल तर काहीही सुचलं नाही. एसटीत झोपले.

चार दिवसांनी थंडी वाढली म्हणून पेटीतून आत्तीची वाकळ काढली. आत्ती म्हणजे वडिलांची बहीण, तिच्याकडूनच मी शिकले. वाकळ इतकी जुनी की वरची ठिगळं जवळजवळ गेलेली. म्हणून उलटी पांघरली. खालची बाजू म्हणजे आजोबांचं पांढरं धोतर, त्यावर ठिगळ एकही नाही. नुसते टाके. कडेनं सुरू केलेले, चौकोनात चौकोन करत आत गेलेले. आम्ही सगळेच तसं शिवतो, त्यात नवल नाही. पण आत्ती कोपऱ्यावर वळताना थोडी आधीच वळायची. आजी तिला त्यावरून ओरडायची, "कोपरा पुरा कर की गं, भवाने." तिनं तो कधीच पुरा केला नाही. त्यामुळं प्रत्येक फेरीला कोपरा थोडा थोडा बोथट होत गेलाय आणि मधे येईस्तोवर चौकोनाचा गोल झालाय. अगदी गोल. आणि त्या गोलात वीतभर जागा मोकळी, एकही टाका नाही.

मी उठून दिवा लावला. नवरा म्हणाला, उंदीर आहे का?

पस्तीस वर्षं ती वाकळ घरात आहे. मी कायम वरची बाजू बघितली, ठिगळं बघितली. देवळात मान मोडून जे बघत होते ते माझ्या अंगावर होतं. खिद्रापूरला गेले नसते तर दिसलं असतं का? माहीत नाही. बहुतेक नसतं. तिथला तो चौकोनाचा गोल होत जाणारा खांब वहीत काढला होता ना, कणसासारखा का होईना.

डोंबिवलीच्या भाऊंना, हो, रिकामी जागा आहे. होती. मीच भरत होते.

तर आता इचलकरंजीहून एक काम आलंय. त्यात दोन इरकली आहेत, एक काळी, एक गर्द जांभळी. कापायच्या नाहीत असं ठरवलंय. दहा दिवस खुंटीवर टांगून ठेवल्या. काळी वर अख्खी घ्यायची, काठासकट, आणि नक्षी म्हणजे फक्त टाके. कडेनं आत, कोपरा अपुरा ठेवत. कच्च्या कापडावर दोन नमुने केले. पहिल्यात मी कोपरा मोजून वळवला, पट्टी लावून, तर ते ताटासारखं दिसलं. दुसऱ्यात अंदाजानं वळले आणि जमलं. आत्तीच्या घाईला मोजमाप नव्हतं.

आता खरा प्रश्न. काळ्या इरकलीवर पांढरा दोरा फार टोचतोय डोळ्यांना आणि काळा दिसतच नाही. काठ लाल आहे. लाल घेतला तर पहिल्या धुण्यात रंग सुटेल अशी भीती. पक्क्या रंगाचा सुती दोरा, जाडसर, कुणी कुठून घेतं?

तारा_जुळवणारा (मिरज)

दोऱ्यातलं कळत नाही, पण रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. आमची ही तेच करते. आणि जांभळीचं काय ठरलं?

वाकळवाली

जांभळी अजून खुंटीवरच आहे.

चटकन_पूजा (पुणे)

ताई फोटो टाका ना प्लीज!! आत्तीच्या वाकळीचा.

वाकळवाली

टाकते. उलट्या बाजूचा टाकते.