मदत हवी आहे: बाबांच्या मानेतल्या शिरेचं ऑपरेशन, सही करू की थांबू?

मंडळी, घाईत लिहितेय, चूकभूल पोटात घाला.

बाबा ७२, बीपी-शुगर जुनीच. गेल्या मंगळवारी चहा पिताना उजव्या हातातली बशी निसटली. आई "अहो, काय झालं?" म्हणतेय आणि बाबांच्या तोंडून नुसतं "ब... ब...". दहा मिनिटांत सगळं जागेवर. उरलेला चहा पिऊन पेपर उघडून बसलेसुद्धा! तरी नेलंच. डॉपलर आणि सीटी अँजिओत डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली शीर, ८० टक्के बंद निघाली. डॉक्टर म्हणाले, हा छोटा झटका होता, मोठा यायच्या आत शीर उघडून आतला थर काढून टाकू. एंडार्टरेक्टॉमी. तीही दोन आठवड्यांच्या आत.

संमतीपत्रावर धोक्यांच्या यादीत पहिलाच शब्द 'पक्षाघात'. म्हणजे जो टाळायला ऑपरेशन, तोच ऑपरेशनने? खाली हार्ट अटॅक, मानेत रक्त साकळणे, आवाज बसणे, जीभ वाकडी होणे. पेन हातात होतं, सही झाली नाही. दादा म्हणतो, गोळ्यांवर ठेवू, दिवाळीनंतर बघू. आत्याचं म्हणणं, चिरफाड नको, स्टेंट टाका. कुणाकडे झालंय का हे?

कोयनाकाठ:
सासऱ्यांचं झालंय, चार वर्षं झाली. पक्षाघात नाही झाला, पण आवाज दीड महिना घोगरा होता. देवळात आरतीला नुसते ओठ हलवायचे. कानाची पाळी आणि जबड्याखालचा भाग बधिर. दाढी करताना कापलं तरी पत्ता नाही, सासूबाईंना टॉवेलवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. आवाज परत आला, पाळी अजून थोडी बधिरच आहे. त्याचं काही वाटत नाही त्यांना.

भूलभुलैया:
मी भूलतज्ज्ञ आहे. रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

पक्षाघात यादीत वर असतो कारण शिरेला चिमटा लावून रक्त थोडा वेळ थांबवावं लागतं आणि आतल्या थराचा एखादा कण सुटून मेंदूत जाऊ शकतो. पण न करण्यालाही धोका आहेच, तो कागदावर छापलेला नसतो इतकंच. १९९१ साली उत्तर अमेरिकेत पेशंटवर झालेल्या नॅसेट नावाच्या अभ्यासात, झटका येऊन गेलेल्या आणि ७० टक्क्यांच्या वर अडथळा असलेल्यांत, दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात नुसत्या गोळ्यांवर १०० पैकी २६ जणांना झाला, ऑपरेशन केलेल्यांत ९ जणांना. या ९ मध्ये ऑपरेशनच्या वेळचे झटकेही धरलेत. आजच्या गोळ्या तेव्हापेक्षा चांगल्या आहेत, हेही खरं. दिवाळीची वाट मात्र बघू नका, पहिले काही दिवसच सगळ्यात वाईट. सत्तरीपुढे स्टेंटमध्ये पक्षाघाताचा धोका जास्त दिसलाय, ऑपरेशनमध्ये हार्ट अटॅकचा. म्हणून आधी हृदय तपासून घ्या.

सर्जनना सरळ विचारा, "तुमच्या हातून झालेल्यांत पक्षाघात किंवा मृत्यू किती?" बाबांसारख्या केसेसमध्ये तो १०० मागे ६ च्या आत हवा. चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही. अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. ऑपरेशननंतर मान फुगतेय, श्वास घ्यायला त्रास होतोय असं दिसलं तर तिथेच आरडाओरडा करा. घरी आल्यावर त्या बाजूचं डोकं फुटेस्तोवर दुखलं किंवा बीपी चढलं तर तडक परत. जिभेच्या-आवाजाच्या नसा बहुतेकदा नुसत्या ताणल्या जातात, काही आठवड्यांत-महिन्यांत सावरतात. क्वचित कायमचं राहतं.

काही ठिकाणी हे मान बधिर करून, पेशंट जागा ठेवून करतात. उजव्या हातात पिळलं की वाजणारं खेळणं देतात. वाजायचं थांबलं की मेंदूला रक्त कमी पडतंय हे कळतं.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे. दादाला २६ आणि ९ वाचून दाखवलं, तो आत जाऊन दिवाळीची तिकिटं रद्द करतोय. सर्जनची उद्या ११ ची वेळ आहे, प्रश्न कागदावर लिहून घेतलाय. बाबांना खेळण्याचं सांगितलं, तर नातवाचं रबरी बदक शोधायला लागले.