समुद्राचा वारा सगळं धुऊन नेतो म्हणे!

कर्वेनगरी_गुहागरकर
काल कोकणातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर हिंजवडीच्या एका बंधूंनी टाकलं: "किनाऱ्यावर हवा मोजायचं स्टेशन म्हणजे उधळपट्टी. समुद्राचा वारा सगळं धुऊन नेतो. तेवढ्या पैशात गटारं बांधा." तिथे बोललो असतो तर अर्धी भावकी रुसली असती, म्हणून इथे.

वारा नेतो, मान्य. पण नेऊन टाकतो कुठे? रात्री जमिनीकडून समुद्रावर, दुपारी समुद्रावरून जमिनीवर. रात्री गेलेलं थोडंफार दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. मुंबईला समुद्र कमी पडला का? तरी २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेला उंच बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे लावायला सांगावं लागलं. आपण इथे पुण्यात भूमकर चौकातल्या हवेच्या स्टेशनचा आकडा बघून पोरांना खाली सोडतो. गावी माझा दम्याचा काका नुसता वास घेऊन ठरवतो, आज खिडकी उघडायची की नाही.

पाषाणचा_जुना
भावना पोचल्या. आता यंत्राचं बोलू. लाटा फुटल्या की मिठाचे कण उडतात, ते पीएम १० मध्ये, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांत, धरले जातात. यंत्राला मीठ काय नि सिमेंट काय, सारखंच. स्वस्तातला सेन्सर लावाल तर दमट हवेत कण फुगतात आणि कण मोजणाऱ्या लेझरला लठ्ठ दिसतात. चांगलं यंत्र हवा तापवून घेतं, पण त्याला खोली हवी, एसी हवा, वीज हवी. दिवसातल्या १६ तासांचा डेटा नसेल तर एक्यूआय, म्हणजे हवा किती चांगली-वाईट ते सांगणारा निर्देशांक, काढताच येत नाही. गावाला पावसाळ्यात दिवसातले १६ तास वीज असते?

कर्वेनगरी_गुहागरकर
म्हणजे वीज नाही म्हणून दवाखानाही नको?

खाडीकाठचा
मला दोघांचंही पटत नाही. माझी बहीण खाडीपलीकडे राहते, शेजारी केमिकलवाले. रात्री दोनला सडक्या अंड्यांचा वास, डोळे झोंबतात, भाचा उलट्या करतो. मी तक्रार केली तर साहेबांनी आकडा दाखवला: "समाधानकारक". असणारच! एक्यूआयमध्ये प्रदूषकं ८, त्यात हा वासाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड, नाहीच. असलं स्टेशन आमच्यासाठी नाही, कारखान्याला शिक्का मारून द्यायला आहे.

डबल_सदाशिव
कारखान्यांचं सोडा. मागच्या मे महिन्यात दापोलीला गेलो होतो, सगळी शेतं पेटलेली! भाजावळ की काय म्हणे. रूमच्या बाल्कनीत बसता येईना. आधी ते बंद करा, मग स्टेशन मागा.

तरव्याचा_पोर
आली का स्वारी बाल्कनीवर! अहो, कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), शेण, पातेरा पसरून तरव्याचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, वाफा भाजतात, म्हणजे तणाचं बी मरतं. सगळं शेत कोण जाळतंय? माझा बाप साठ वर्षं भाजतोय. तुम्ही जो भात गिळून बाल्कनीत बसलात तो त्याच वाफ्यातून आला असेल.

डबल_सदाशिव
परंपरा आहे म्हणून धूर गुलाबाचा होत नाही. आणि "गिळून" काय? आम्ही पैसे देऊन जेवतो.

तरव्याचा_पोर
लाँग वीकेंडला ताम्हिणी घाटातून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांचा धूर मग चंदनाचा असतो का? आणि थंडीत तुमच्या पेठेत झाडलोट करून कोपऱ्यावर पाला पेटवतात तो कुठला विधी?

डबल_सदाशिव
माझी गाडी बीएस ६ आहे, कमी धुराच्या सरकारी निकषातली.

खाडीकाठचा
धन्य. माझा भाचा राहिला बाजूला, गाडीची कुंडली सुरू.

पाषाणचा_जुना
भांडताय त्यातच उत्तर आहे. भाजावळ दोन-चार तासांची. चोवीस तासांची सरासरी काढली की तो धूर त्यात विरून जातो. हाताने मोजायचं केंद्र तर आठवड्यातून दोनदाच चालतं, वर्षाला १०४ दिवस. मंगळवारी मोजलं आणि तुम्ही बुधवारी भाजलंत, तर कागदावर धूरच नाही. रात्री दोनच्या वासाचंही तेच. तेव्हा लावायचंच असेल तर तासातासाचा आकडा देणारं लावा, आणि खाडीकडे त्या हायड्रोजन सल्फाइडचं वेगळं यंत्र. मिठाचं मात्र मी मागे घेत नाही.

कर्वेनगरी_गुहागरकर
म्हणजे स्टेशन हवं. एवढं बोलायला दोन तास घेतलेत.

पाषाणचा_जुना
हवं असं म्हणालो नाही. लावायचंच असेल तर, म्हणालो. वाचत जा.

तरव्याचा_पोर
भाजावळीचा आकडा खरंच आला तर बापाला दाखवीन. ऐकेल असं नाही. पण बाल्कनीवाल्यांच्या सांगण्यावरून थांबवणार नाही, एवढं नक्की.

हिंजवडीचा_बंधू
धागा माझ्यावर आहे हे आत्ता कळलं. ग्रुपवर बोलायची हिंमत नव्हती का? खाडीवाल्यांचं वाचून वाईट वाटलं, तिकडे यंत्र लावा, माझी ना नाही. आपल्या गावात मात्र आधी गटारंच.

डबल_सदाशिव
जाता जाता: ताम्हिणीत आत्ता ट्रॅफिक आहे का?

तरव्याचा_पोर
आहे. सगळे बीएस ६.