व्हल्कन राहू दे, आधी पिक्सेल रंगवा

ग्राफिक्स प्रोग्रामिंग शिकताना ओपनजीएल आधी की व्हल्कन (दोन्ही जीपीयूकडून, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून, चित्र काढून घेण्याचे प्रोग्रामिंग इंटरफेस), यावर बरीच खडाजंगी होते. माझ्या मते नवशिक्याने सुरुवातीला दोन्ही बाजूला ठेवावेत. व्हल्कनमध्ये एक त्रिकोण उमटवायला हजारभर ओळी खरडाव्या लागतात आणि ग्राफिक्स त्यातून जेमतेमच कळतं.

त्यापेक्षा साधी पीपीएम फाइल (चित्र निव्वळ मजकुरात साठवणारी) लिहा. वर 'पी३', मग रुंदी, उंची, २५५ आणि खाली प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. झालं चित्र! त्यात ब्रेझनहॅमच्या पद्धतीने (१९६२ची आहे, अजून चालते) रेष काढा, त्रिकोण भरा, झेड-बफर (कुठला पिक्सेल पुढे, कुठला मागे याची नोंद) लावा.

खरी गंमत टेक्श्चरपाशी, म्हणजे पृष्ठभागावर चढवायच्या चित्रापाशी. दूर जाणाऱ्या जमिनीवर बुद्धिबळाचा पट चढवला की चौकोन दोन त्रिकोणांच्या सांध्यावर मोडल्यासारखे दिसतात. कारण पर्स्पेक्टिव्हमध्ये (दूरचं लहान दिसतं त्यात) यू आणि व्ही, म्हणजे टेक्श्चरवरच्या जागेचे दोन आकडे, पडद्यावर एकसारख्या गतीने बदलत नाहीत. यू/झेड, व्ही/झेड आणि १/झेड (झेड म्हणजे खोली) मात्र तसे बदलतात. या तिघांचं इंटरपोलेशन (टोकांवरून मधल्या किमती काढणं) करून दर पिक्सेलला पहिल्या दोघांना १/झेडने भागायचं. जीपीयू हेच गुपचूप करतो.

गणिताचा बाऊ नको. व्हेक्टर, डॉट आणि क्रॉस प्रॉडक्ट, ४×४ मॅट्रिक्स एवढ्यावर भागतं. क्वाटर्निअन (फिरवण्यासाठी वापरायचे चार आकडी संख्यासंच) नंतर सावकाश बघा.