मदत हवी आहे: एसएन१ की एसएन२, नेमकं कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी. मी रसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फिजिकलची गणितं जमतात, पण ऑरगॅनिकच्या मेकॅनिझमपाशी, म्हणजे अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते तिथे, गाडी अडते. त्यातही एसएन१ आणि एसएन२ पाशी, म्हणजे कार्बनवरचा एक गट जाऊन दुसरा येण्याच्या दोन वाटांपाशी.

ब्रोमोमिथेनवर हायड्रॉक्साइड आला की एसएन२, टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड पाण्यात असेल तर एसएन१, इथवर ठीक. पहिल्यात हल्ला मागच्या बाजूने होतो आणि कार्बनभोवतीची रचना वाऱ्याने छत्री उलटावी तशी उलटते. दुसऱ्यात आधी कार्बोकॅटायन, म्हणजे कार्बनवर धन प्रभार असलेला आयन, तयार होतो. हे मला डोळ्यांपुढे दिसतं, आणि खरं सांगते, फार आवडतंही.

पण २-ब्रोमोब्युटेन आलं की गोंधळ. कार्बन सेकंडरी (दोन कार्बनांना जोडलेला), त्यात बेस तीव्र असेल तर एलिमिनेशन (नवा गट न येता हायड्रोजन आणि ब्रोमीन निघून जाणं) होऊन ब्युटीनही मिळतं. अशा वेळी तुम्ही आधी काय बघता: न्यूक्लिओफाइल (कार्बनवर हल्ला करणारा, जसा वरचा हायड्रॉक्साइड), द्रावक की तापमान? डीएमएसओ या द्रावकात एसएन२ला जोर मिळतो, कारण तिथे ऋण आयनाभोवती द्रावकाचे रेणू घट्ट जमत नाहीत, हे कळलंय. तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नात आल्या की मात्र वजन कशाला द्यायचं ते सुचत नाही.

मला पाठांतर करायचं नाहीये. ज्यांनी हे शिकवलंय किंवा ज्यांची पदवी झालीय, त्यांनी आपली पद्धत एखाद्या उदाहरणासह सांगाल का? परीक्षा पुढच्याच आठवड्यात आहे.