मासा पोट वर करून पोहतोय, आजारी आहे का? (सांगली)

विश्रामबागकर: नमस्कार मंडळी. पोरीनं हट्ट धरला म्हणून मिरजेतल्या एका दुकानातून दोन छोटे कॅटफिश आणलेत, तपकिरी, अंगभर डाग आणि मिशा. दिवसभर लाकडाच्या खाली दडून बसतात आणि रात्री लाईट घालवली की बाहेर येतात ते थेट उताणे. तरंगत नाहीत, नीट पोहतात, पण पोट वर! दुकानदार म्हणतो आफ्रिकेतला आहे तो असाच असतो, आता खरं बोलतोय का माल खपवतोय कळंना. घरचे म्हणतात मीठ टाका. टाकू का?

टाकीवेडा: मीठ अजिबात नको भावा. हा अपसाईड डाऊन कॅटफिश दिसतोय, शास्त्रीय नाव सिनोडोंटिस नायग्रिव्हेंट्रिस, मूळचा काँगो नदीच्या खोऱ्यातला. अंगावर खवले नसतात त्यामुळं मीठ आणि तांब्याची औषधं ह्याला लवकर बाधतात. आता बॅटरी मारून पोट बघ. बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट पांढरट असतं ना, म्हणजे वरून बघणाऱ्या बगळ्याला आणि खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला दोघांनाही तो पटकन दिसू नये. ह्याचं पोट पाठीपेक्षा काळपट असतं, कारण उताणा झाल्यावर वरची बाजू तीच. पाण्यावर पडलेले किडे आणि पानाखाली चिकटलेलं काय काय तो असा उताणा होऊन आरामात खातो, शिवाय पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की अगदी वरच्या थरातलं पाणी तोंडात घ्यायलाही हेच सोयीचं पडतं. पिल्लं आधी सरळच पोहतात, उलटं पोहणं मागाहून येतं.

आजारी मासा वेगळा दिसतो. तो एका बाजूला कलंडतो, धडपडतो, खाली जायचं म्हटलं तरी बुचासारखा वर येतो. तुझा तळाशी टाकलेलं खायला सरळ होत असेल तर बिनधास्त झोप.

मिरजेची ताई: माझ्याकडं आहेत हे. एक सांगते, जाळीनं धरू नका हो. पाठीच्या आणि दोन्ही कल्ल्यांजवळच्या पंखांत पुढं एकेक काटा असतो, घाबरला की ताठ उभा करून लॉक करतो, जाळीत असा अडकतो की शेवटी जाळी कापायला लागते. आपल्या नदीतल्या शिंगाळ्याचा काटा ज्याला लागलाय त्याला सांगायला नको. प्लास्टिकच्या डब्यात हाकलून घ्या. आणि पाण्याबाहेर काढलं की चक्क कुरकुरतो! काट्याचं बूड खांद्याच्या हाडात घासून आवाज काढतो, पहिल्यांदा ऐकल्यावर माझ्या हातातनं डबाच सुटला असता.

विश्रामबागकर: पोट बघितलं, खरंच काळपट आहे राव. आणि गोळी तळाला गेली की सरळ होऊन खातोय. पण मिशा मोजल्या तर सहा, त्यातल्या खालच्या चारांना फाटे फुटलेत, फाटल्यात का त्या? खाली बारीक खडी आहे.

टाकीवेडा: नाही रे, तशाच असतात. वरच्या दोन लांब आणि साध्या, खालच्या चार पिसासारख्या. अंधारात चाचपून खाणं शोधायला. पण धारदार खडीनं झिजतात खरं, तेवढी वाळू किंवा गोटे कर. अजून दोन-चार आण, एकटे-दुकटे असले की फार दबून राहतात. नायग्रिव्हेंट्रिस असेल तर बोटभर होऊन थांबेल, साधारण १० सेंटिमीटर. ह्याच नावाखाली दुसरे सिनोडोंटिस पण विकतात आणि ते दुप्पट वाढतात, तेव्हा वाढीवर लक्ष ठेव.

नदीकाठचा: लईच मोठा झाला तर हरिपूरला संगमावर सोडून द्या की, पुण्य लागंल

मिरजेची ताई: पुण्य कसलं! टाकीतला कुठलाही मासा नदीत सोडायचा नाही. असेच टाकीतनं सुटलेले, काचेवरचं शेवाळ खायला ठेवतात ते सकर मासे आता देशातल्या कितीतरी नद्या-तळ्यांत जाळ्यात येतात, विकले जात नाहीत आणि कोळ्यांची जाळी फाडतात ते वेगळंच. मोठा झाला तर दुकानात परत द्या नाहीतर इथंच पोस्ट टाका, कोणीतरी नेईल.

विश्रामबागकर: नदीत नाही सोडत. बोअरचं पाणी जड आहे आमच्याकडं, चालंल का तेवढं सांगा.

टाकीवेडा: थोडं जड असलं तर चालवून घेतो, एकदम सगळं पाणी बदलू नको म्हणजे झालं. फिल्टर चांगला ठेव आणि खाणं लाईट घालवल्यावरच टाक, नाहीतर बाकीचे मासे फस्त करतील.