मदत हवी आहे: 'हॅपी प्रिन्स'मधला डोळे देण्याचा प्रसंग लहान मुलांच्या नाटकात कसा दाखवायचा?

मंडळी, आमच्या सोसायटीतली दुसरी ते पाचवीतली मुलं ऑस्कर वाइल्डची 'हॅपी प्रिन्स' (१८८८) बसवतायत. रत्नं जडवलेला राजपुत्राचा पुतळा एका पाकोळीकरवी (छोटा पक्षी) आपली रत्नं गरिबांना देतो, अशी ती गोष्ट. तलवारीचं माणिक शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी पोचतं, तिचा मुलगा तापाने फणफणलाय आणि संत्री मागतोय, तो भाग इतका सुंदर होतो की काय सांगू! अडलंय ते डोळ्यांपाशी. राजपुत्राचे दोन्ही डोळे नीलमणी, एक गारठलेल्या नाटककाराला जातो, दुसरा काडेपेट्या गटारात पडल्या म्हणून रडणाऱ्या पोरीला, आणि राजपुत्र आंधळा झाला म्हणूनच पाकोळी इजिप्तला जायचं सोडून त्याच्याजवळ राहते.

चोचीने डोळा उपटायचा अभिनय करून बघितला तर छोटी मुलं घाबरली. मग डोळ्यांऐवजी मुकुटातले खडे दिले, पण मग तो आंधळाच होत नाही आणि पाकोळीला थांबायला कारणच उरत नाही, सगळी गोष्ट ढासळते. नुसतं निवेदनात सांगितलं तर भिडत नाही.

हॉल दिवसाउजेडी मिळणार, पडदा नाही, लाइट्स नाहीत, पुतळा झालेला मुलगा स्टुलावर उभा असतो त्यामुळे त्याला हलता येत नाही. शेवट गोड करा असं प्लीज सुचवू नका, शिशाचं हृदय आणि मेलेली पाकोळी देवदूत नेतो तो शेवट ठेवायचाच आहे.

तर डोळे गेलेत हे कळेल, त्याचं देणं किती मोठं आहे हेही पोचेल, पण पोरं घाबरणार नाहीत असं स्टेजवर काय करता येईल? कोणी केलंय का असं काही?